सुई, कलम आणि हजरत इद्रिस

विदर्भात शाळा उशिरा उघडतात. तिकडे पुण्या-मुंबईची पोरं जूनच्या मध्यावर वर्गात जाऊन बसतात, तेव्हा आमच्याकडे ऊन उतरलेलं नसतं. घंटा वाजायला जूनचा शेवट उजाडतो. त्याआधीचे पंधरा दिवस गावातल्या शिंप्याकडे पाय ठेवायला जागा नसते. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी एसटी थांब्याला लागून चाचांचं दुकान आहे. वर टिनपत्रा, खाली पायानं चालणारी मशीन, कोपऱ्यात चिंध्यांचं पोतं आणि खिळ्याला लटकवलेली मापाची वही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला लागलो, तेव्हा माझा पहिला पँट-शर्ट चाचांच्या वडिलांनी शिवला होता. आता माझ्या नातवाचा गणवेश चाचा शिवतात.

यंदा माप द्यायला नातवाला घेऊन गेलो, तर तो चाचांच्या ओठांकडेच पाहत बसला.

"चाचा, मशीन चालू कराच्या आंधी तुमी काय पुटपुटता?"

"बिस्मिल्ला म्हनतो बेटा. अन् हातशिलाई असली का टाक्या-टाक्याले सुभानल्ला. आमचे वडील सांगत, हे काम हजरत इद्रिसचं हाय. दुनियेतला पयला कपडा त्याईनंच शिवला."

"म्हंजे ते तुमचे देव?"

चाचांनी कातर खाली ठेवली. "नाई रे बाप्पा. देव एकच. ते नबी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, तुमी मास्तर मानूस. तुमीच समजावून सांगा याले. मले येवढं उलगडून बोलता येत नाई."

मलाही तेव्हा नीट सांगता आलं नाही. एका गावात अख्खं आयुष्य काढलं, दरवर्षी ईदचा शिरखुर्मा खाल्ला, पण नबी म्हणजे नेमकं काय हे कधी विचारलं नव्हतं, याचं मनापासून वाईट वाटलं. मग पावसाळाभर सवड मिळेल तसा चाचांजवळ बसलो, मशिदीतल्या मौलानासाहेबांना विचारलं, कुराणाचं मराठी भाषांतर वाचलं, जुन्या भाष्यकारांचं जे हाती लागलं ते पाहिलं. नातवाला जे सांगितलं तेच इथे थोडं विस्तारानं लिहितो.

आधी शब्दच घेऊ. अरबीत 'नबा' म्हणजे खबर, बातमी. ज्याला ईश्वराकडून खबर मिळते आणि जो ती माणसांना पोचवतो, तो नबी. आपल्या गावात कोतवाल दवंडी देतो ना, तसं काहीसं. दवंडीतला हुकूम कोतवालाचा नसतो, तो त्यात पदरचं घालत नाही, आणि दवंडी देतो म्हणून कोणी त्याला तहसीलदार समजत नाही. उपमा इथवरच चालते. कोतवालानं दवंडी दिली की त्याचं काम संपलं. नबीला ती खबर स्वतः जगून दाखवावी लागते.

आपल्या घडणीच्या माणसाची इथे गफलत होते. आपण लगेच अवतार म्हणतो. इस्लाममध्ये अवताराची कल्पनाच नाही. ईश्वर माणसाचं रूप घेत नाही, नबी हा शंभर टक्के माणूस, त्याची पूजा होत नाही. दुसरी गफलत दर्ग्यामुळे होते. नागपूरच्या ताजबागेत ताजुद्दीन बाबांचा उरूस भरतो, वर्धा जिल्ह्यात गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदांच्या नावानं माणसं चढतात, त्यात निम्मी हिंदू असतात. पण ताजुद्दीन बाबा (१८६१ ते १९२५) हे वली, म्हणजे ईश्वराच्या जवळचे, संत म्हणा हवं तर. वली कोणत्याही काळात होऊ शकतो. नबींची मालिका मात्र हजरत मुहंमद पैगंबरांवर संपली, अशी मुसलमानांची ठाम श्रद्धा आहे. तिची सुरुवात हजरत आदमपासून होते, म्हणजे पहिला माणूस तोच पहिला नबी. मध्ये किती झाले? लोकांत रूढ असलेला आकडा एक लाख चोवीस हजारांचा. कुराणात नावानिशी २५ येतात, आणि कुराण स्वतःच सांगतं की काहींच्या हकिकती तुला सांगितल्या, काहींच्या सांगितल्या नाहीत. आणि असा एकही समाज झाला नाही ज्याच्याकडे सावध करणारा गेला नाही. हे शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटलं.

या मालिकेत इद्रिस फार वर येतात. आदम, मग त्यांचे पुत्र शीस, मग इद्रिस, आणि त्यानंतर महापुराचे नूह, असा क्रम बहुतेक जुने इतिहासकार लावतात. नावामागे मुसलमान माणूस 'अलैहिस्सलाम' म्हणतो, म्हणजे त्यांच्यावर शांती असो.

कुराणात त्यांच्याबद्दल किती आहे, हे कळलं तेव्हा मी चकित झालो. चाचांचं बोलणं ऐकून वाटलं होतं, एखादा मोठा अध्याय असेल. तर दोनच ठिकाणी नाव आहे, मिळून चार छोट्या आयती, म्हणजे कुराणातली वचनं. सूरह म्हणजे कुराणाचा अध्याय. सूरह मरियममध्ये (१९:५६-५७) म्हटलंय की ग्रंथात इद्रिसची आठवण कर, तो अत्यंत सच्चा होता, नबी होता, आणि आम्ही त्याला उंच स्थानी चढवलं. सूरह अंबियामध्ये (२१:८५-८६) इस्माईल आणि जुल-किफ्ल यांच्यासोबत त्यांचं नाव घेऊन म्हटलंय की हे सगळे सब्र करणारे होते, आम्ही त्यांना आपल्या कृपेत घेतलं. संपलं. ना गाव, ना बाप, ना सुई, ना कलम.

म्हणून चाचांच्या दुकानातलीच भाषा वापरतो. शेरवानी घ्या. मूळ कापड वेगळं, आतलं अस्तर वेगळं, वरची नक्षी वेगळी. तिन्ही मिळून शेरवानी दिसते, पण शिवणाऱ्याला ठाऊक असतं कुठलं काय आहे. इद्रिसांच्या बाबतीत कुराणातल्या चार आयती हे कापड. खात्रीच्या हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या पारखून घेतलेल्या संग्रहांत, जे आलंय ते अस्तर. आणि पुढच्या हजार वर्षांत भाष्यकारांनी, कथेकऱ्यांनी, ज्योतिष्यांनी, कारागिरांनी जे भरलं ती नक्षी. नक्षीला कमी लेखत नाही मी. माणसं शतकानुशतकं कशावर जीव लावत आली, ते नक्षीतच दिसतं. फक्त तिला कापड समजू नये.

कापडाचाच पोत आधी हाताला लावून पाहू. 'सिद्दीक' हा शब्द तिथे आलाय. नुसता खरं बोलणारा असा त्याचा अर्थ नाही. ज्याचं बोलणं, वागणं आणि मन एकाच सुतात असतं तो सिद्दीक. त्याच सूरहमध्ये पंधरा आयती आधी अगदी हीच जोडी, 'सिद्दीक, नबी', इब्राहिमसाठी वापरली आहे. इब्राहिम म्हणजे यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान तिघांनाही वंद्य असलेला पुरुष. त्यांच्या तोडीचा शब्द ज्यांची हकिकत एका ओळीची आहे त्यांना मिळतो. आणि 'सब्र'. आपण धीर म्हणतो, पण अरबी मुळात त्यात स्वतःला रोखून धरणं आहे, बांधून ठेवणं आहे. पेरणी करून आभाळाकडे पाहत बसलेल्या आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

आता हे इद्रिस नूहच्या आधीचे, हे कशावरून? त्याच सूरहमधली पुढची आयत (१९:५८) म्हणते की हे ते नबी ज्यांच्यावर ईश्वराची कृपा झाली: काही आदमच्या वंशातले, काही नूहसोबत नावेत घेतलेल्यांच्या वंशातले, काही इब्राहिम आणि इस्राईलच्या वंशातले. भाष्यकार तबरी (निधन इ.स. ९२३) आणि त्यांच्या आधीचे काही जण म्हणतात, बाकी सगळे तर कोणत्या ना कोणत्या पुढच्या घराण्यात बसतात, मग नुसतं 'आदमच्या वंशातले' असं कोणासाठी म्हटलं? इद्रिससाठी. म्हणजे ते नावेच्या आधीचे. भूमितीतल्या सिद्धतेसारखी ही मांडणी मला आवडली.

त्याच वाटेनं त्यांना बायबलमधल्या हनोखशी जोडलं गेलं. अरबी ग्रंथांत हे नाव अखनूख असं येतं. मराठी बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात पाचव्या अध्यायात आदमपासूनची वंशावळ आहे, त्यात हनोख सातवा. बाकी प्रत्येकाच्या शेवटी 'मग तो मरण पावला' असं येतं. हनोखच्या शेवटी तसं येत नाही. तो देवाबरोबर चालला, ३६५ वर्षं जगला आणि मग नाहीसा झाला, कारण देवानं त्याला नेलं. कुराणातलं 'उंच स्थानी चढवलं' आणि हे 'देवानं नेलं' शेजारी ठेवलं, की जुन्या विद्वानांना ते दोघे एक का वाटले ते कळतं.

इथे एक गणित आहे, ते मी नातवाला पाटीवर करून दाखवलं. इस्लामी इतिहासकार सांगतात की इद्रिसांना आदमच्या आयुष्यातली ३०८ वर्षं मिळाली. हा आकडा कुठून आला? उत्पत्तीच्या त्याच वंशावळीत, मुलगा झाला तेव्हा बापाचं वय किती होतं ते दिलंय: १३०, १०५, ९०, ७०, ६५, १६२. बेरीज ६२२. म्हणजे आदमच्या ६२२व्या वर्षी हनोखचा जन्म. आदमचं आयुष्य ९३० वर्षांचं. ९३० वजा ६२२, बाकी ३०८. बरोबर आला! बगदाद-दमास्कसचे मुसलमान विद्वान यहुद्यांची वंशावळ समोर ठेवून वजाबाकी करत होते, हे त्या एका आकड्यात दिसतं. त्याच वंशावळीनं हनोख हा नूहचा पणजोबा लागतो.

नावाचाही एक किस्सा आहे. मौलानासाहेबांनी मला पहिल्यांदा सांगितलं की इद्रिस हे नाव 'दर्स'वरून आलं, दर्स म्हणजे धडा. त्यावरूनच मदरसा, त्यावरूनच मुदर्रिस म्हणजे शिक्षक. खूप अभ्यास करायचे म्हणून इद्रिस. शिक्षक असल्यामुळे मला हे ऐकून आनंद झाला. पण बाराव्या शतकातला भाष्यकार जमख्शरी, जो व्याकरणाचा पक्का होता, त्यानं हे मोडून काढलंय. अरबीत परभाषेतून आलेली विशेषनामं शेवटी काही खुणा घेत नाहीत, आणि कुराणात 'इद्रिस' त्या खुणांशिवायच येतं. म्हणजे नाव अरबी नाही, मग अरबी धातूतून कसं निघेल? मौलानासाहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "जमख्शरी बरोबर आहेत, पण लोकांच्या तोंडी दर्सच राहणार." तेही खरं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. इतक्या सुरुवातीच्या नबीचं काम काय होतं?

बाकी नबींचं काम डोळ्यांपुढे सहज येतं. नूहनं बिघडलेल्या समाजाला सावध केलं. मूसा इजिप्तच्या राजापुढे, फिरऔनपुढे, उभे राहिले. इब्राहिमनं मूर्ती फोडल्या. सगळीकडे एक झगडा आहे. इद्रिसांच्या काळाबद्दल मात्र पैगंबरांचे चुलतभाऊ आणि कुराणाचे पहिले मोठे भाष्यकार इब्न अब्बास यांच्या नावे असं सांगितलं जातं की आदम आणि नूह यांच्यात दहा पिढ्या गेल्या आणि त्या सगळ्या खऱ्या मार्गावर होत्या. दुसरीकडे बुखारी आणि मुस्लिम या दोन सर्वांत विश्वसनीय मानल्या गेलेल्या संग्रहांत एक हदीस आहे: न्यायाच्या दिवशी घाबरलेली माणसं नूहकडे जातील आणि म्हणतील, 'तुम्ही पृथ्वीवरच्या लोकांकडे पाठवलेले पहिले रसूल आहात.' पहिले! मग इद्रिस?

इथे नबी आणि रसूल यांतला फरक कामाला येतो. रसूल म्हणजे निरोप देऊन धाडलेला. अनेक विद्वानांच्या मते, समाज फुटला, सत्य नाकारू लागला, तेव्हा त्यांच्यापुढे संदेश घेऊन उभा केलेला तो रसूल. जे मानतातच त्यांच्यात राहून त्यांना शिकवत राहणारा, आधीची वाट जपणारा, तो नबी. हा अर्थ धरला तर कोडं सुटतं. नूह पहिले रसूल, आणि त्यांच्या आधीचे इद्रिस नबी. काही कथांत इद्रिसांनी आदमचा मुलगा काबील याच्या बिघडलेल्या वंशजांशी लढाई केल्याचंही येतं, पण तो धागा बारीक आहे. मुख्य चित्र शिकवणाऱ्याचं.

आणि काय शिकवलं म्हणतात? लिहायला आणि शिवायला. पैगंबरांचे पहिले मोठे चरित्रकार इब्न इसहाक (निधन इ.स. ७६७) सांगतात की कलमानं लिहिणारा पहिला माणूस इद्रिस. तबरींच्या इतिहासात त्यांच्यावर तीस सहिफे, म्हणजे ईश्वरी पानं, उतरल्याचं येतं. त्या आकड्यामागची रिवायत, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे आलेलं कथन, हदीसच्या जाणकारांनी कमजोर ठरवली आहे, हेही सांगायला हवं. हनोख लिहिणारा होता ही समजूत यहुद्यांमध्ये त्याहून जुनी. हनोखच्या नावाचा एक प्राचीन ग्रंथ आहे, तो इथिओपियाच्या ख्रिस्ती लोकांनी पूर्ण जपून ठेवला, आणि त्यात त्याला 'न्यायाचा लेखनिक' म्हटलंय. कलमाचं मोल कुराणातही आहे. पैगंबरांवर उतरलेल्या सगळ्यात पहिल्या आयती 'वाच' या शब्दानं सुरू होतात आणि लगेच सांगतात की तुझ्या पालनकर्त्यानं कलमानं शिकवलं. ज्या परंपरेची सुरुवात अशी झाली, तिला माणसाच्या पहाटेलाही कोणीतरी कलम धरून बसलेला दिसला, यात नवल नाही.

इतिहासाच्या अंगानं पाहिलं तर लेखनाच्या सगळ्यात जुन्या खुणा इराकातल्या सुमेरमध्ये, सुमारे सव्वापाच हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. नेढं असलेल्या हाडाच्या सुया तर सैबेरियात सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीच्या सापडल्या. पहिलं अक्षर आणि पहिला टाका कोणाचा, हे उत्खननातून कळणार नाही. पण परंपरा ते श्रेय कोणाला देते, हे पाहण्यासारखं आहे. तिनं ते राजाला दिलं नाही, लढवय्याला दिलं नाही. नबीला दिलं.

सुईची हकिकत माझ्या सगळ्यात जवळची. त्याआधी माणसं कातडी पांघरत, इद्रिसांनी कापड शिवून घातलं, असं जुने इतिहासकार म्हणतात. चौदाव्या शतकातले भाष्यकार इब्न कसीर यांनी इब्न अब्बासांच्या नावे एक ओळ दिलीय: इद्रिस शिंपी होते, सुई टोचली की प्रत्येक टाक्याला सुभानल्लाह म्हणत, आणि संध्याकाळ व्हायची तेव्हा पृथ्वीवर त्यांच्याहून जास्त पुण्य कोणाच्या गाठी नसायचं. सुभानल्लाह म्हणजे ईश्वर सगळ्या उणिवांपासून मुक्त, निर्मळ आहे. एका कुडत्याला किती टाके लागतात, ते चाचांना विचारा.

नातवाला हे सांगताना मला नामदेव आठवले. तेही शिंपी. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची पदं आहेत, त्यातल्या एकात ते मनाला गज म्हणतात, जिभेला कातर म्हणतात, सोन्याची सुई आणि रुप्याचा धागा घेऊन हरीशी चित्त शिवतात. नामदेव संत, इद्रिस नबी. दोन्ही परंपरांचं म्हणणं एक नाही, ते एक करूही नये. पण टाक्याबरोबर नाव घेणारा माणूस आपल्याला अनोळखी नाही, एवढंच पोराला कळावं असं वाटलं. त्याला ते लगेच कळलं.

कामाचा हा मान इद्रिसांपुरता नाही. बुखारीच्या संग्रहात पैगंबरांचं वचन आहे की ईश्वरानं असा एकही नबी पाठवला नाही ज्यानं शेळ्या-मेंढ्या चारल्या नाहीत. दाऊद स्वतःच्या हातच्या कमाईचं खात, असंही तिथेच आहे. जकरिया सुतार होते, असं मुस्लिमच्या संग्रहात आहे. पैगंबर स्वतः आपला कपडा टाचत, चप्पल सांधत, ही आठवण त्यांच्या पत्नी हजरत आएशांनी सांगितली आहे. यातूनच पुढे कारागिरांनी आपापला नबी धरला: लोहारांनी दाऊद, सुतारांनी नूह, शेतकऱ्यांनी आदम, शिंप्यांनी इद्रिस. उत्तर भारतातला मुसलमान दर्जी समाज आजही स्वतःला इद्रिसी म्हणवतो. कुराणात एक आयत आहे (७:२६), आदमच्या लेकरांना उद्देशून: आम्ही तुमच्यासाठी वस्त्र उतरवलं, लाज झाकायला आणि शोभेला, पण ईश्वराची जाणीव ठेवणं हे सगळ्यात उत्तम वस्त्र. वस्त्र 'उतरवलं', पाऊस उतरवावा तसं. ही आयत चाचांना पाठ आहे, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

नक्षीचा एक मोठा भाग आकाशाचा आहे, त्यावरून लवकर जातो. नवव्या शतकात बगदादेत अबू माशर नावाचा नामांकित ज्योतिषी होता. त्यानं लिहिलं की हर्मिस नावाचे तीन ज्ञानी होऊन गेले, त्यातला पहिला महापुराच्या आधीचा, आणि तोच इद्रिस. ग्रहताऱ्यांचं गणित त्यानं आधी मांडलं, पूर येणार हे ओळखलं आणि ज्ञान वाहून जाऊ नये म्हणून इजिप्तमध्ये दगडी इमारती उभारून त्यावर ते कोरून ठेवलं. याला कुराण-हदीसचा आधार नाही. पण त्या काळी ग्रीकांची विद्या अरबीत येत होती; ती परक्याची नाही, आपल्याच एका नबीची आहे असं म्हटल्यानं तिला घरात जागा मिळाली, असं मला वाटतं.

अस्तर मात्र पक्कं आहे. रजब महिन्याच्या सत्ताविसाव्या रात्री आमच्या मशिदीत उशिरापर्यंत दिवे असतात, ती शबे-मेराज. त्या रात्री पैगंबर सात आसमानं चढून गेले. पहिल्यात आदम भेटले, दुसऱ्यात ईसा, म्हणजे येशू, आणि यह्या, तिसऱ्यात यूसुफ, चौथ्यात इद्रिस, पाचव्यात हारून, सहाव्यात मूसा, सातव्यात इब्राहिम. सात आसमानांत चौथं म्हणजे मधलं. जुन्या खगोलात चौथा गोल सूर्याचा, म्हणून स्पेनचा सूफी इब्न अरबी (११६५ ते १२४०) इद्रिसांना सूर्याच्या गोलात, विश्वाच्या मधोमध बसवतो.

याच हदीसमधून एक अवघड प्रश्न निघतो. आदम आणि इब्राहिम पैगंबरांचं स्वागत करताना 'या, सदाचारी पुत्रा' म्हणतात, कारण ते पूर्वज. इद्रिस म्हणतात, 'या, सदाचारी भावा'. नूहचे पणजोबा असते, तर पैगंबरांचेही पूर्वज ठरले असते, मग पुत्र का नाही म्हटलं? म्हणून काहींचं मत पडलं की इद्रिस नूहच्या आधीचे नाहीतच. ते म्हणजे बनी इस्राईलमधले, म्हणजे इस्राईलच्या वंशातले, नबी इलियास. इब्न मसऊद आणि इब्न अब्बास यांच्या नावे हे मत बुखारींनीही नोंदवलंय. दुसऱ्या बाजूचं उत्तर असं की इद्रिसांनी नम्रपणे भाऊ म्हटलं असेल. आयतीवरून एक बाजू, हदीसवरून दुसरी. हजार वर्षं दोन्ही मतं शेजारी शेजारी लिहिली गेली आणि कोणी कोणाला वाळीत टाकलं नाही. मला पहिली बाजू जास्त पटते, पण भावाचा मुद्दा डोक्यातून जात नाही.

उरलं ते 'उंच स्थान'. काही भाष्यकार म्हणतात, ही उंची दर्जाची. काही म्हणतात, खरोखरच वर नेलं. वर कसं नेलं याची गोष्ट काब अल-अहबार या यहुदी परंपरेतून आलेल्या विद्वानानं इब्न अब्बासांना सांगितली असं म्हणतात. ती चाचांनी आम्हाला पोळ्याच्या आदल्या आठवड्यात सांगितली, तेव्हा ते एका बैलजोडीची झूल शिवत होते.

"एक फरिश्ता इद्रिसचा दोस्त होता. इद्रिस त्याले म्हने, मले आनखी इबादत कराची हाय, मौतच्या फरिश्त्याले इचारून पाय, माहा येळ किती उरला. दोस्तानं त्याईले पंखावर घेतलं अन् उडाला. चौथ्या आसमानात पोचले, तं समोरून मौतचा फरिश्ता खाली उतरून रायला. दोस्त म्हने, इद्रिससाठीच तुह्याकडे येत होतो. तो म्हने, कुठी हाय इद्रिस? दोस्त म्हने, हा काय माह्या पाठीवर. तवा मौतचा फरिश्ता म्हने, नवलच झालं! मले हुकूम होता का इद्रिसचा जीव चौथ्या आसमानात घ्याचा. म्या इचार करत होतो, तो तं जमिनीवर हाय, चौथ्या आसमानात घेऊ कसा?"

दुकान शांत झालं. बाहेर बाकावर बसलेले दोघंही ऐकत होते.

इब्न कसीर ही गोष्ट देतात आणि लगेच बजावतात की हा काबच्या यहुदी कथांचा भाग आहे, त्यावर भिस्त ठेवू नये. आणखी एक गोष्ट फिरते, तिच्यात इद्रिस जिवंतपणीच स्वर्ग पाहायला जातात, बाहेर येतात, आणि जोडे आत राहिले म्हणून परत जातात ते पुन्हा निघतच नाहीत. नक्षीच ही, पण गावागावांतल्या आज्यांनी ती जपली. त्यावरूनच लोकांत असं मानतात की चार नबी अजून जिवंत आहेत: खिज्र आणि इलियास पृथ्वीवर, ईसा आणि इद्रिस आसमानात.

नातवानं ते बरोबर पकडलं. "पन चाचा, एका गोष्टीत जीव घेतला, अन् एकीत ते निंगालेच नाई. मंग ते जिते हायेत का नाई?"

चाचांनी झुलीची किनार मुडपली, तोंडातल्या तोंडात नाव घेऊन टाका घातला. "अल्लाह जाने बेटा."

मी घरी येऊन पाहिलं. जुने भाष्यकार दोन्ही बाजू मांडून झाल्या की तेच लिहितात, वल्लाहु आलम, अल्लाहच जाणे, आणि पुढच्या आयतीकडे वळतात.